ओढ्याकाठी आणि बांधावर देशी झाडं परत आणायचीत? आधी बैठक, खड्डे नंतर

पहिल्या वर्षी आम्ही ओढ्यावर रोपं लावली तेव्हा जुलैचा पाऊस होता, शंभरेक माणूस आलं होतं, शाळेची पोरं होती, फोटो झाले, नाश्ता झाला. मार्चमध्ये जाऊन बघितलं तर हिरवं उरलं होतं फक्त वेडी बाभूळ, म्हणजे बाहेरच्या देशातनं आलेली काटेरी बाभूळ, आणि ती आम्ही लावलीच नव्हती. नर्सरीतून जे मिळालं ते लावलं होतं, गुलमोहर, सुबाभूळ, गिरीपुष्प, यातलं एकही आपल्या मातीतलं नाही. बरं रोज त्या ओढ्याला शेळ्या घेऊन येणारी चार घरं आहेत, त्यांना आम्ही एका शब्दानं विचारलं नव्हतं. रोपं का मेली याचं उत्तर तिथंच होतं, आम्ही मात्र वर्षभर पावसाला दोष देत बसलो.

त्यानंतर जे शिकलो ते इथं लिहितोय. नगर-पुणे-सातारा-सोलापूर हा कमी पावसाचा पट्टा धरून लिहितोय. कोकणात किंवा गडचिरोलीत झाडं वेगळी, पाऊस वेगळा, त्यामुळे झाडांची यादी तशीच उचलू नका, पण माणसं कशी गोळा करायची ते सगळीकडे सारखंच आहे.

कुणाला बोलवायचं

झाडांवर प्रेम असलेली माणसं आपोआप येतात, त्यांची काळजी करू नका. ओढ्याशी ज्यांचं रोजचं काम आहे ती माणसं बैठकीला पाहिजेत. दोन्ही काठाचे शेतकरी, शेळ्या-मेंढ्यावाले, सरपणाला जाणाऱ्या बायका, मोटर टाकलेले, मासे धरणारे. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये बसवलं की निम्मे लोक बोलतच नाहीत, म्हणून आधी शिवारफेरी काढा, ओढ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्यांनी मिळून चालत जायचं, जिथं कुणाला काही म्हणायचंय तिथंच थांबायचं. मग रात्री धारा, जेवणं उरकली की देवळात बसायचं.

आमच्या फेरीत एका म्हाताऱ्या मेंढपाळानं काठी टेकून सरळ विचारलं, "दादा, तुमी सगळाच वढा बंद केला तर मी मेंढरं पानी पाजायला न्यायची कुठं?" कुणाकडंच उत्तर नव्हतं. मग त्यांनीच दाखवलं, या दोन ठिकाणी उतार बरा आहे, इथनं मेंढरं उतरू द्या, बाकीचं तुम्ही राखा. ते दोन पाणवठे आम्ही उघडे ठेवले, आजपर्यंत त्यांच्या मेंढरांनी एक रोप खाल्लं नाही, उलट बाहेरगावचा कळप आला की तेच हाकलतात.

तुमच्याकडे बहुधा असंच काहीतरी ठरवावं लागेल. ओढ्याचे तीन तुकडे करा, एका वेळी एकच तुकडा पूर्ण बंद, तोही तीन पावसाळे, मग पुढचा. बंद तुकड्यातलं गवत विळ्यानं कापून न्यायला मोकळीक द्यायची, जनावर आत सोडायचं नाही. हिवरे बाजारमध्ये १९८९ ला पोपटराव पवार सरपंच झाले, तिथं कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी दोन्ही झाली, पण गवत कापून न्यायची वाट बंद केली नाही. हे विसरून नुसती 'बंदी'ची पाटी लावणारी गावं मी बघितलीत, पाटी उरते आणि गवत जातं. मेंढपाळ दिवाळीनंतर चारा बघत कोकणाकडं उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात, तेव्हा बैठक त्यांच्या मुक्कामाच्या दिवसात ठेवा, ते नसताना घेतलेला निर्णय त्यांच्यावर लादल्यासारखा होतो. आणि शेतात मेंढ्या बसवायची जुनी पद्धत आहे ती चालू राहू द्या, लेंडीखताशिवाय आपली शेतं काय राहणार.

बैठकीत ठरलं की ग्रामसभेचा ठराव करून घ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांना ग्रामसभा असतेच, १ मे ची सोयीची, कारण पुढं लगेच पाऊस. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि गावाची लोकजैवविविधता नोंदवही पण, बहुतेक ठिकाणी ती कपाटात असते. ती मागून घ्या, समितीच्या नावानं काम केलं तर उद्या सरपंच बदलला तरी काम कुणाचं खासगी ठरत नाही. रोजगार हमीतून रोपवाटिका, खड्डे, राखण याची मजुरी निघू शकते, सामाजिक वनीकरणच्या ऑफिसात जाऊन विचारा, पण मजुरीवरच सगळं अवलंबून ठेवू नका, पैसे उशिरा आले की काम थांबतं.

शेतकऱ्याचे दोन प्रश्न

बांधावर झाड म्हटलं की दोन प्रश्न हमखास येतात, दोन्ही खरे आहेत, उडवून लावू नका.

पहिला वसव्याचा. झाडाच्या सावलीत आणि मुळाजवळ पीक मार खातं, हे खोटं नाही. यावर उपाय दिशेत आहे. आपल्याकडं पिकाच्या हंगामात, विशेषतः रब्बीत, सूर्य दक्षिणेकडून असतो, सावली उत्तरेला पडते. म्हणून मोठं होणारं झाड शेताच्या उत्तर बांधावर लावलं तर सावली तुमच्या पिकावर पडत नाही, पण पलीकडच्या शेतात पडते, म्हणजे तिकडं पडीक, रस्ता किंवा ओढा असेल तरच. सामाईक बांधावर दोघांची संमती असल्याशिवाय काहीही लावू नका, बांधावरून आपल्याकडं भावाभावात कोर्टकचेऱ्या होतात, त्यात झाडाची भर नको. दक्षिण बांधाला झुडपं ठेवा, तरवड, करवंद, निर्गुडी, आणि खालच्या फांद्या दरवर्षी छाटायच्या, छाटलेलं जळणाला.

दुसरा, "लावलेलं झाड उद्या तोडता येईल का?" महाराष्ट्रात झाडं तोडण्याबाबत १९६४ चा कायदा आहे, त्यात ठरावीक झाडांची यादी आहे, आंबा, जांभूळ, चिंच, मोह, खैर, साग, अंजन वगैरे, ती स्वतःच्या रानातली असली तरी परवानगी लागते. हे आधीच सांगून टाका. ज्याला पुढं लाकूड विकायचंय त्याला यादीबाहेरचं झाड सुचवा, ज्याला फळ, सावली, मधमाशी पाहिजे त्याला जांभूळ चालेल. लपवून लावलं आणि नंतर कळलं तर तो शेतकरी परत कधी रोप घेणार नाही.

ओढा स्वतः सरकारी असतो, काठापासूनचं शेत खासगी, आणि हद्द कुठं हे बऱ्याचदा कुणालाच नीट माहीत नसतं. तलाठ्याकडून गटांचा नकाशा घ्या, तो घेऊन फेरी काढा. जिथं वाद आहे तो भाग पहिल्या वर्षी सोडूनच द्या.

इथं काय होतं ते शोधा

नर्सरीत काय आहे ते नंतर बघा, आधी गावात काय होतं ते बघा. गावांची नावं वाचा, बाभुळगाव, पिंपळगाव, उंबरगाव, बोरगाव, पळसदेव, वाळुंज, जांभूळवाडी, करंजी, हिवरे. वाळुंज हे झाड आहे आणि ते ओढ्याकाठचं झाड आहे हे आमच्या तरुण पोरांना माहीतच नव्हतं, गावाचं नाव तेवढं माहीत. मग म्हसोबाच्या, खंडोबाच्या, देवीच्या जागा बघा, स्मशानाची कड बघा, जुन्या पांदीच्या दोन्ही बाजू बघा, तिथं कुऱ्हाड कमी चालते त्यामुळे जुनं झाड उरलेलं असतं. आणि म्हाताऱ्या बायकांना विचारा. पुरुष नांगराला लागणारं झाड सांगतात, बायका जळणाचं, औषधाचं, भाजीचं, चटणीचं सगळं सांगतात. आमच्याकडं एका आजीनं ओढ्याच्या खडकात उगवणारी शेरणी दाखवली, मी वीस वर्षं तिच्यावरून चालत होतो.

आमच्या भागाची यादी साधारण अशी निघाली. पाण्याला लागून वाळा, शेरणी, निर्गुडी. काठाच्या उतारावर करंज, जांभूळ, उंबर, वाळुंज, अर्जुनसादडा. वर, पुराचं पाणी क्वचित येतं तिथं वावळ, कडुनिंब, बहावा. बांधावर आणि मुरमाड जागेत हिवर, बोर, बाभूळ, खैर, पळस, आपटा. बाभळीला कमी लेखू नका, शेंगा शेळ्यांना, काटे कुंपणाला, लाकूड अवजाराला, वेड्या बाभळीमुळे बिचारी उगाच बदनाम झालीये.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. माळाला हात लावू नका. गवताचा माळ म्हणजे पडीक जागा नव्हे, तिथं पवन्या, मारवेल, कुसळी असली गवतं असतात, लांडगा, ससा, चंडोल, तितर त्यावर जगतात, नान्नजचं माळढोक अभयारण्य असल्याच माळावर आहे. तिथं खड्डे काढून झाडं लावणं म्हणजे जे देशी आहे तेच मोडणं. माळाला फक्त काही काळ चराई थांबवायची, गवत स्वतःच येतं.

खड्डा काढण्याआधी खाली बघा

हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर आमची दोन वर्षं वाचली असती. तोडलेल्या, चरलेल्या जागेत जमिनीखाली मुळं जिवंत असतात. पळस, हिवर, बोर, यांचे खुंट दरवर्षी फुटतात आणि दरवर्षी शेळी खाते, म्हणून ते वितीच्या वर जात नाहीत. वाकून बघितल्याशिवाय दिसत नाहीत. बंद केलेल्या तुकड्यात पहिल्या पावसाळ्यात काहीही लावू नका, फक्त राखा. सप्टेंबरात जाऊन प्रत्येक खुंटाला जे आठ-दहा फुटवे आलेत त्यातले जाड दोन ठेवा, बाकीचे काढा, शेजारी एक काठी रोवून चिंधी बांधा म्हणजे गवत कापताना विळ्यात जाणार नाही. त्याला पाणी लागत नाही, आळं लागत नाही, मूळ जुनं आहे. आमच्या तिसऱ्या वर्षीच्या हिरव्यातलं निम्म्याहून जास्त असंच आलेलं आहे, लावलेलं नाही.

काढायचं ते हळूहळू काढा

वेडी बाभूळ नुसती तोडली तर दुप्पट जोरानं फुटते. पावसानं माती मऊ झाली की जमिनीखाली फूटभर खणून मूळ तोडावं लागतं. पण एकदम सगळी काढू नका, तिनंच सध्या काठ धरून ठेवलाय आणि गावाचं जळण तिच्यावर चालतंय, पाच-दहा मीटरचे तुकडे पाडून काढा आणि मोकळ्या तुकड्यात लगेच करंज-निर्गुडी लावा. घाणेरी फळं धरायच्या आधी काढायची, मुळाचा गड्डा जमिनीखाली तीन-चार बोटं तोडायचा आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, सुलटं ठेवलं तर परत मूळ धरतं. बेशरम ओढ्यात तोडून तिथंच टाकली तर प्रत्येक तुकडा पुढं जाऊन रुजतो, ती पाण्यापासून लांब उन्हात वाळवायची. जलपर्णी वरच्या बाजूनं काढत खाली यायचं, आणि वरच्या गावालाही सोबत घ्या, नाहीतर दर पावसाळ्यात वाहत येणारच.

आणि जेसीबी. खोलीकरणाच्या नावाखाली मशीन काठावरनं फिरलं की वाळा, शेरणी, करंजाची मुळं सगळं एका दिवसात जातं. आमच्या वरच्या अंगाला एका कामात असंच झालं, चाळीस वर्षांचे करंज भरावात गाडले गेले, पुढच्या पुरात तो भराव वाहून आमच्या बंधाऱ्यात आला. गाळ काढायला विरोध नाही, गाळ निघायलाच पाहिजे, पण एकाच काठावरनं मशीन चालवा, दुसऱ्या काठाला हात लावायचा नाही, आणि राखायच्या झाडांना आधीच चुन्याचे पट्टे मारा. हे ठरावात लिहून घ्या, तोंडी सांगितलेलं ड्रायव्हरपर्यंत पोचत नाही.

बी आणि रोप

विकतच्या रोपापेक्षा आपल्या शिवारातलं बी बरं, इथल्या दुष्काळातनं तगलेल्या झाडाचं असतं ते. बचत गटाच्या बायकांना रोपवाटिका द्या, रोपामागं पैसे ठरवून द्या, फुकटात राबवू नका.

करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात गोळा होतात, बी तसंच लावलं तरी उगवतं. जांभूळ आणि कडुनिंबाचं बी ठेवून चालत नाही, फळ खाल्लं की आठवड्याभरात पिशवीत गेलं पाहिजे. बहाव्याचं बी कडक, दगडावर थोडं घासून रात्रभर पाण्यात ठेवा. बाभूळ आणि हिवराचं बी शेळ्यांच्या वाड्यातनं झाडून आणा, शेळीच्या पोटातनं आलेलं बी लवकर रुजतं, आमच्या नर्सरीत हेच सगळ्यात आधी उगवलं. म्हणजे ज्या शेळ्यांनी पहिल्या वर्षीची रोपं खाल्ली त्यांच्याच वाड्यातनं आता बी येतं, आणि त्या घरांना त्याचे पैसे मिळतात. वड, पिंपळ, उंबराचं बी पेरायच्या भानगडीत पडू नका, विहिरीच्या आणि पडक्या वाड्यांच्या भिंतीतनं पावसाळ्यात छोटी रोपं मुळासकट अलगद काढा, पिशवीत वर्षभर वाढवा. निर्गुडीच्या हातभर काड्या पहिल्या पावसात ओलीत खोचल्या तरी लागतात, वाळ्याचे ठोंब फोडून लावायचे.

पिशवीत एका वर्षापेक्षा जास्त ठेवणार असाल तर मोठी पिशवी घ्या, नाहीतर मुळं आत गोल फिरतात आणि ते झाड पुढं वाऱ्यात पडतं. लावायच्या आधी महिनाभर पाणी हळूहळू कमी करा, लाडात वाढलेलं रोप रानात टिकत नाही.

लावणं आणि दोन उन्हाळे

खड्डे मे मध्ये, दीड-दोन फूट लांब-रुंद-खोल, ऊन खाऊ द्या. रोप पहिल्या पावसाला नाही, दोन-तीन चांगले पाऊस होऊन वीतभर ओल गेली की लावा. पिशवी फाडून काढा, हे सांगावं लागतं कारण कार्यक्रमात घाईत पिशवीसकट लावलेली रोपं मी स्वतः उपटून बघितलीत. ओढ्याच्या पात्रात काहीही लावू नका, पुराला वाट मोकळी पाहिजे. काठावर दहा फुटांवर एक, वेडंवाकडं, रांगेत नको. बाहेरच्या कडेला निर्गुडी आणि करंज दाट लावा, शेळ्या त्यांना सहसा तोंड लावत नाहीत, आतल्या आपट्या-बोरीला आपोआप आडोसा होतो. शिवाय प्रत्येक रोपाभोवती बोराट्या, म्हणजे बोरीच्या काटेरी फांद्या, लोखंडी जाळीपेक्षा स्वस्त आणि कुणी चोरत नाही.

पावसाळ्यात रोप जगतंच. खरी परीक्षा फेब्रुवारी ते मे, ती पण दोनदा. दर आठ-दहा दिवसांनी रोपाला दहा-पंधरा लिटर एकदम द्या, रोज तांब्याभर दिलं तर मुळं वरच राहतात. आळ्यात उसाचं पाचट किंवा पालापाचोळा चार बोटं जाड, पण खोडाला चिकटवू नका, वाळवी लागते. बुडाला बारीक भोक पाडून वात घातलेलं मडकं रोपाशेजारी पुरलं तर निम्म्या पाण्यात भागतं, कुंभाराकडं तडकलेली मडकी स्वस्तात मिळतात. कोण कुठल्या दिवशी पाणी देणार हे घरवार वाटून द्या, एका घराला दहा रोपं, दहाच. पंचवीस दिली की एप्रिलमध्ये कुणी फिरकत नाही. जेवढ्यांना पाणी घालणारी घरं आहेत तेवढीच रोपं लावा, सरकारी आकडा कितीही असो.

मार्चमध्ये बांध पेटवतात, त्यात सगळं जातं. फेब्रुवारीत बंद तुकड्याभोवती सहा-आठ फुटांचा पट्टा गवत कापून साफ करा आणि शेजारच्या शेतकऱ्याला घरी जाऊन सांगा, ज्या दिवशी पेटवणार त्या दिवशी फोन कर, आम्ही आग झोडपायला ओल्या फांद्या घेऊन येतो. फोन येतात, विचारलं की लोक कळवतात.

वही

शेवटचं काम वहीचं. प्रत्येक रोपाला नंबर, शेजारच्या दगडावर ऑइलपेंटनं. वर्षातनं दोनदा, नोव्हेंबर आणि जूनमध्ये, पोरांना घेऊन मोजायचं, मेलेल्या रोपापुढं कारण एका शब्दात लिहायचं, शेळी, पाणी, वाळवी, पूर, आग, नांगर. कुणाचं चुकलं ते लिहायचं नाही, घराचं नाव लिहिलं की पुढच्या वेळी ते घर येत नाही. ही यादी ग्रामसभेत वाचून दाखवा आणि पुढच्या वर्षीचं ठरवताना तीच समोर ठेवा. आमच्या वहीत दुसऱ्या वर्षी सगळ्यात जास्त वेळा 'नांगर' आलं होतं, म्हणून तिसऱ्या वर्षी बांधावरची रोपं कडेला न लावता बांधाच्या मधोमध लावली, वर लाल चिंधी बांधली आणि गावातल्या ट्रॅक्टरवाल्यांना पेरणीआधी बोलवून प्रत्येक बांध दाखवून आणला.